परीक्षेची पैसेवारी

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे एक परिचित गृहस्थ फराळाला आले होते. गृहस्थ मोठे सज्जन. एका कारखान्यात नोकरीसाठी माणसे निवडण्याचे काम त्यांनी जन्मभर केलेले, आणि त्यामुळे समोर येईल त्याची परीक्षा घेण्याची सवय निवृत्तीनंतरही न सुटलेली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी चकल्यांचे ताट घेऊन बाहेर आली, तेव्हा त्यांनी तिची मायेने चौकशी केली. काय शिकलीस, कोठे शिकलीस, पदवी कधी घेतलीस?

"२०२० साली, काका."

"अस्सं! म्हणजे कोरोनाची पदवी!" असे म्हणून ते मनमोकळे हसले आणि त्यांनी चकली उचलली.

मुलगी काही बोलली नाही. ताट ठेवून आत गेली, ती ते जाईपर्यंत बाहेर आली नाही. आपण काही वावगे बोललो असे त्या गृहस्थांच्या मनातही आले नसेल, कारण हे बोलणे त्यांचे एकट्याचे नाही. कचेऱ्यांतून, मुलाखतींतून, लग्नाच्या बैठकींतून ते बोलले जाते आणि लोक हसतात. मीही त्या वेळी गप्प राहिलो. पाहुण्याच्या ताटावर वाद घालू नये अशी आमच्या आईची शिकवण होती. पण पाहुणा गेल्यावर गप्प राहावे असे काही तिने सांगितले नव्हते. फराळात लाडू असतात तसा तिखट चिवडाही असतो, असे समजून वाचकांनी हा लेख ताटात वाढून घ्यावा.

त्या वर्षी या मुलीच्या घरात काय चालले होते ते आधी सांगतो. ती पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, शेवटच्या सत्रात होती. आधीची पाच सत्रे तिने चांगल्या गुणांनी पार पाडली होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि भावाचे छपाईचे लहानसे दुकान बंद पडले. दोन खोल्यांत पाच माणसे, त्यांत माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई. आणि पाच जणांत धड चालणारा मोबाईल एक. परीक्षा जुलैत होणार म्हणून मुलीने अभ्यास केला. होणार नाही असे कळले म्हणून वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. होणारच असे कळले म्हणून पुन्हा खाली काढल्या. सप्टेंबर संपता संपता आईला ताप आला आणि आठवड्याभरात ती गेली. तिचे शेवटचे दर्शनही आम्हा भावांना लांबून घ्यावे लागले.

आईच्या दहाव्याच्या दिवशी मुलीचा एक पेपर होता. ती गच्चीवर जाऊन बसली, कारण रेंज तेवढ्याच जागी मिळे. तासाभराचा पेपर, निम्म्याहून थोडे अधिक प्रश्न झाले आणि मोबाईलचा पडदा कोरा झाला. पुन्हा आत शिरता आले तोवर वेळ संपली होती. कॉलेजात फोन केला, तर त्यांनी विद्यापीठाकडे बोट दाखविले. विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर कोणी फोन उचलीना. यथाकाल गुणपत्रिका आली. बाकीच्या विषयांत पहिल्या वर्गाचे गुण, आणि त्या एका विषयात जेमतेम काठावर पास.

आता मला सांगा, तो काठावरचा आकडा कशाचे माप आहे? मुलीला विषय किती येतो याचे, की आमच्या गच्चीवर रेंज किती येते याचे?

मी बत्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविले आणि तितकीच वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या. त्या अनुभवावरून एक गोष्ट मला ठाम सांगता येते. गुण म्हणजे बक्षीस नव्हे, शिक्षा नव्हे आणि दानही नव्हे. गुण म्हणजे साक्ष. या विद्यार्थ्याला हा विषय इतका येतो, अशी साक्ष शिक्षक समाजापुढे देत असतो. येत नसताना येतो म्हणणे ही खोटी साक्ष. तशीच येत असताना येत नाही म्हणणे हीही खोटीच. पहिल्या खोटेपणाबद्दल आपल्याकडे एवढा आरडाओरडा होतो की दुसरा खोटेपणा असतो हेच लोक विसरून गेले आहेत.

२०२० साली काय झाले ते थोडक्यात आठवू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिलला मार्गदर्शक सूचना काढल्या. मधल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना, परिस्थिती सुधारली नाही तर, निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावरून आणि निम्मे मागच्या सत्रावरून द्यावेत. शेवटच्या वर्षाची परीक्षा मात्र जुलैत घ्यावी. महाराष्ट्र शासनाला ते अशक्य वाटले. कुलपती या नात्याने राज्यपालांनी हरकत घेतली होती, तरी १९ जूनला शासनाने निर्णय काढला की, ज्यांना परीक्षा नको त्यांना आधीच्या सत्रांच्या सरासरीवर पदवी द्यावी, आणि ज्यांना हवी त्यांची पुढे सवडीने घ्यावी. ६ जुलैला आयोगाने पुन्हा बजावले की सप्टेंबरअखेर परीक्षा झालीच पाहिजे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला: आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्याला परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. त्या सप्टेंबरात महाराष्ट्रात दिवसाला २० हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते. ऑक्टोबरात परीक्षा झाल्या.

न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला. ते त्याचे काम होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या सहा महिन्यांत वर्तमानपत्रांतून आणि दूरदर्शन वाहिन्यांवरून जी वादावादी झाली तिच्याविषयी. एका बाजूला शिस्तवाले होते. परीक्षा नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर गुणवत्ता नाही, गुणवत्ता नाही तर राष्ट्र नाही, अशी त्यांची जपमाळ. दुसऱ्या बाजूला खिरापतवाले. मुले त्रासली आहेत, करा सगळ्यांना पास, टाळ्या घ्या. एकमेकांना शिव्या देण्यात दोघांचेही सहा महिने गेले. पण संकटातल्या विद्यार्थ्याचे मोजमाप नेमके कसे करावे, हा जो खरा प्रश्न, तो कोणी हातातच घेतला नाही.

आणि शेवटी झाले काय? शिस्तवाले जिंकले म्हणावेत तर जी परीक्षा झाली तिच्याकडे पाहा. बहुतेक ठिकाणी तासाभराची, बहुपर्यायी प्रश्नांची, घरबसल्या मोबाईलवर दिलेली. ज्याच्या घरी चार खोल्या, दोन संगणक आणि शेजारच्या खोलीत उत्तरे शोधून देणारा भाऊ, त्याची चंगळ झाली. जो डोंगराच्या टोकावर रेंज शोधीत गेला त्याची परवड झाली. मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण विभागाची परीक्षा तर तांत्रिक बिघाडामुळे ऑक्टोबरात मध्येच पुढे ढकलावी लागली. ज्या गुणवत्तेच्या रक्षणासाठी एवढे रण माजविले ती गुणवत्ता या चाळणीतून कशी निवडून आली, हे शिस्तवाल्यांनी पुढे कधी सांगितले नाही. परीक्षा झाली एवढ्यावर त्यांचे समाधान झाले. मुंज लागली, मंत्र कोणी का म्हणेना!

खिरापतवाल्यांनाही मी सोडणार नाही. २०२१ साली महाराष्ट्रात दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. बारावीचा ९९.६३. त्या पोरांचा यात काडीचा दोष नाही. पण जो थर्मामीटर घरातल्या प्रत्येकाला सारखाच ताप दाखवितो तो डॉक्टरच्या काय कामाचा? सरसकट पास करणे ही दया नव्हे. तो मोजमापाचा कंटाळा आहे. त्यात सर्वांत जास्त नुकसान होते ते ज्याला खरोखर येत होते आणि दाखविण्याची संधी हवी होती त्याचे. गरीब घरच्या हुशार मुलाजवळ दाखवायला गुणांशिवाय दुसरे असते काय? मोठ्या घरच्या मुलाची ओळख त्याचा मामा करून देतो.

येथे मला माझीच एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला सुख होत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली, हजारो माणसे मेली. पुढच्या उन्हाळ्यात माझ्याकडे नेहमीप्रमाणे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आला. विद्यापीठाचे नाव सांगत नाही. त्यातल्या एका उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर चार ओळी होत्या: 'सर, सप्टेंबरपासून आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. पुस्तके घरात राहिली. घर राहिले नाही. जमेल तेवढे लिहिले आहे.'

पास होण्यास ३५ गुण हवे होते. त्याचे २९ भरत होते. दोनदा तपासली, २९ च. उत्तरपत्रिकेत परीक्षकाला विनंती लिहिणे हा नियमाप्रमाणे गैरप्रकार. तशी उत्तरपत्रिका वेगळी काढून वर कळवावी लागते आणि मग विद्यार्थ्याची चौकशी होते. मी काय केले? त्या चार ओळींवर लाल पेन्सिलीने रेघ ओढली, वर कळविले नाही, आणि २९ गुण मांडून गठ्ठा बांधला. चौकशीतून त्याला वाचविले, ही माझी दया. आणि २९ चे २९ ठेवले, हा माझा न्याय. त्या रात्री मला स्वतःबद्दल बरे वाटले होते, हेही कबूल करतो.

पुष्कळांना मी ही हकीगत सांगितली. हळव्या माणसांनी विचारले, सहा गुण दिले असतेत तर काय आकाश कोसळले असते? वरवर पाहता प्रश्न बिनतोड आहे. पण विचार करा. त्याच शेडमधला दुसरा मुलगा असेल, ज्याची उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे गेली आणि तो परीक्षक माझ्याहून कडक होता. तिसरा असेल, ज्याने नियम मोडायचा नाही म्हणून त्या चार ओळी लिहिल्याच नाहीत. त्याचेही घर पडले होते, पण ते मला कळणार कसे? जो लिहील त्याला सहा गुण आणि जो मुकाट सोशील त्याला शून्य, हा कुठला न्याय? एकेकट्या परीक्षकाची चोरटी दया ही लॉटरी असते. म्हणून मी गुण वाढविले नाहीत याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप याचा आहे की, गठ्ठा बांधल्यावर मी विद्यापीठाला एक साधे पत्रसुद्धा लिहिले नाही. भूकंपाच्या भागातल्या विद्यार्थ्यांसाठी तुम्ही काय नियम केला आहे, असे मी विचारायला हवे होते. मी एक प्राध्यापक, अभ्यासमंडळाचा सभासद, चार लोकांत ऐकला जाणारा माणूस. आणि पत्र्याच्या शेडमधल्या पोराने जेवढे धैर्य दाखविले तेवढेही मला दाखविता आले नाही.

त्याचा बैठक क्रमांक मला अजून आठवतो. नाव उत्तरपत्रिकेवर नसतेच.

आता या लेखाच्या नावाकडे येतो. खेड्यातल्या वाचकाला पैसेवारी सांगायला नको. शहरातल्याला सांगितली पाहिजे. पूर्वी तिला आणेवारी म्हणत. भरघोस वर्षात जे पीक यायला हवे ते सोळा आणे धरायचे आणि यंदा त्यातले किती आणे आले ते ठरवायचे. आणे गेले, पैसे आले, पण पद्धत चालूच आहे आणि पैसेवारी आजही दरवर्षी जाहीर होते. शेतातला ठरावीक तुकडा कापून, मळून, धान्य तोलून बघतात; गावच्या समितीत महसुलाचा माणूस असतो, सरपंच असतो, शेतकरी असतात. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की ते गाव टंचाईचे धरून सवलती द्यायच्या, असा आपल्याकडचा रिवाज. आता दुष्काळ ठरवायला पर्जन्यमान आणि उपग्रहही आले आहेत. पैसेवारीवरून भांडणे होतात, ती मुद्दाम जास्त लावली असा ओरडा होतो, हे मला ठाऊक आहे. तरी तिच्या मुळाशी असलेला विचार पाहा. पीक बुडाले तर शेतकरी आळशी होता असे सरकार म्हणत नाही. आधी विचारते, पाऊस किती पडला?

आणि या पद्धतीने धान्य वाढत नाही. पन्नास पैसे आलेल्या पिकाला कोणी शंभर पैसे म्हणत नाही. तोल खराच राहतो. बदलते ते एवढेच की वर्ष कसे होते याची नोंद तोलाच्या शेजारी होते आणि त्या नोंदीप्रमाणे वसुली ठरते. महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत; आणि वाचकहो, या यादीत आणखी एक कलम असते, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ! म्हणजे दुष्काळात विद्यार्थी होरपळतो हे सरकारला कागदोपत्री मान्य आहे. फी माफ आहे. पेपर मात्र तोच, वेळ तीच, तारीख तीच, आणि नापासाचा शेराही तोच. बापाच्या पिकाची पैसेवारी होते. पोराच्या वर्षाची होत नाही.

ही दुष्काळाची शहाणीव आपल्याला फुकट मिळाली नाही. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळात लाखो माणसे मेल्यावर १८७८ साली आयोग बसला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यातले मर्म हे की नियम संकट येण्याआधी लिहून ठेवायचे. संकटात माणसाचे डोके ठिकाणावर नसते. त्या वेळी एक जण दयेच्या भरात तिजोरी उधळतो आणि दुसरा कर्तव्याच्या भरात माणसे मारतो. २०२० साली आपल्या विद्यापीठांत हेच दोन्ही प्रकार पाहायला मिळाले, कारण परीक्षेच्या दुष्काळाची संहिता कोणी लिहिलीच नव्हती.

आता आक्षेपांचा समाचार. पहिला आक्षेप भारदस्त आहे. सवलत दिली की पदवीची किंमत उतरते. कोठे उतरली? अमेरिकेतल्या हार्वर्ड, स्टॅनफर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांनी २०२० च्या वसंत सत्रात नेहमीच्या श्रेणी बाजूला ठेवल्या आणि समाधानकारक की असमाधानकारक एवढेच नोंदविले. एमआयटीचा अभियंता त्या सत्रामुळे कमी प्रतीचा झाला असे म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. ब्रिटनमध्ये बऱ्याच विद्यापीठांनी जाहीर केले की संकटापूर्वीच्या कामावरून तुमची जी सरासरी निघते तिच्याखाली तुम्हाला ढकलणार नाही; चांगले केलेत तर वर जाल. त्याच देशात जुनी चाल आहे की आजारपणामुळे परीक्षेला बसू न शकलेल्या विद्यार्थ्याला, त्याचे आधीचे काम पाहून, 'एग्रोटॅट' नावाची पदवी द्यावी. लॅटिन शब्द आहे, अर्थ एवढाच की 'तो आजारी आहे'. साहेबाचे नाव घेतल्यावर आमच्या शिस्तवाल्यांचा जीव थोडा थाऱ्यावर येतो, म्हणून हे सांगितले. नाहीतर घरचेच उदाहरण आहे. एप्रिल २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने त्याचे गुण दिले गेले. त्या पोरांना कोणी 'बिनभूगोलाचे' म्हणून हिणविल्याचे ऐकले आहे का? मग पदवीधरांनीच काय घोडे मारले?

घोडे मारले ते आपण. त्याच २०२० साली कृषी शाखेच्या काही विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शिक्का मारून देण्याचा पराक्रम आपल्या राज्यात घडला. ओरड झाल्यावर चौकशीचे आदेश निघाले. पण ज्या हाताने तो शिक्का उचलला त्यामागचे मन तपासण्यासारखे आहे. सवलत द्यायची, पण ती घेणाऱ्याच्या कपाळावर कायमची उमटवायची. जुन्या काळी वारावर जेवणाऱ्या मुलाला पान वाढीत, पण ओसरीच्या कोपऱ्यात, त्यातलाच हा प्रकार. आमच्या त्या सज्जन गृहस्थांचे हसणे हाही एक शिक्काच. फक्त शाईचा नव्हे.

दुसरा आक्षेप म्युनिसिपालिटीच्या दिव्याचा. 'आम्ही रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला, आम्हाला कोणी सवलत दिली होती?' या वाक्यापुढे श्रोते नेहमी माना डोलावतात. माझा नम्र प्रश्न असा, की त्या दिव्याखाली तुमच्या शेजारी जे दुसरे तिघे बसत होते त्यांचे काय झाले? त्यांची भाषणे कोठे होत नाहीत. दिव्याखाली बसून नापास झालेल्यांची आत्मचरित्रे निघत नाहीत.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्यापुढे मी मान तुकवितो. उद्या सवलतीवर पास झालेल्या डॉक्टरने तुमचे ऑपरेशन करावे, असे तुम्हाला चालेल का? नाही चालणार. पूल बांधणारा, औषध देणारा, यांना येत नसेल तर ते येत नाही असेच लिहिले पाहिजे. पण म्हणून त्याला तापात उठवून परीक्षेला बसवावे असे कोठे ठरते? त्याला वेळ द्या. सहा महिने उशिरा परीक्षा घ्या, फी घेऊ नका, पहिलाच प्रयत्न धरा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पुराने हाहाकार केला, तेव्हा लोकसेवा आयोगाने २८ सप्टेंबरची पूर्वपरीक्षा पुढे नेऊन ९ नोव्हेंबरला घेतली. कोणाला एक गुण फुकट मिळाला नाही आणि राज्याची शिस्तही बुडाली नाही. दया म्हणजे गुण वाटणे एवढेच ज्यांना कळते ते या साध्या मार्गाकडे बघतही नाहीत.

गणिताने सगळे सुटेल असे मानणारा एक नवा पंथ निघाला आहे, त्याच्यासाठी इंग्लंडची एक गोष्ट. २०२० साली तिकडे विद्यापीठप्रवेशाच्या ए-लेव्हल परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक मुलाची अंदाजी श्रेणी कळविली. ती फार उदार वाटली, म्हणून सरकारी यंत्रणेने संगणकाचे सूत्र लावले, ज्यात त्या शाळेचे आधीच्या वर्षांचे निकाल मोठे वजन टाकीत. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आल्या होत्या. ज्या शाळेतून पूर्वी कोणी चमकले नाही तेथला हुशार मुलगा सूत्राच्या हिशेबी असूच शकत नव्हता. उलट लहान वर्ग असलेल्या खासगी शाळांना सूत्राचा जाच कमी झाला. मुले रस्त्यावर आली आणि १७ ऑगस्टला सरकारला सूत्र मागे घ्यावे लागले. सरासरी ही अशी चीज आहे. आमच्या शासनाची जूनमधली सरासरी याहून बरी, कारण ती निदान त्याच विद्यार्थ्याच्या आधीच्या कामाची होती आणि परीक्षेची वाट उघडी ठेवीत होती. पण दुसऱ्या वर्षी आजारी पडून तिसऱ्या वर्षी सावरलेल्या मुलाला तिने काय दिले असते? एटीकेटीवाल्यांचे काय, हा घोळ तर त्यांना नीट निस्तरताच येईना.

मग करावे काय, असे वाचक विचारतील, आणि त्यांचा तो हक्क आहे. मी काही कुलगुरू नव्हे. पण विद्यापीठांनी संकट नसलेल्या एखाद्या शांत वर्षी बसून आपली संहिता लिहावी, एवढे मला कळते. पूर, भूकंप, साथ, दंगल, यांपैकी काहीही आले तर पैसेवारीसारखी आधी त्या भागाची नोंद व्हावी. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर हात जोडायची वेळ येऊ नये. ज्याचे संकट घरापुरते आहे, ज्याची आजी गेली, ज्याचा बाप दवाखान्यात आहे, त्याच्यासाठी कॉलेजातल्या दोन-तीन शिक्षकांची समिती असावी. आपल्या वर्गातले कोण कशातून जात आहे हे आम्हा शिक्षकांना कळत नाही असे कृपा करून समजू नका, आम्हाला विचारीत कोणी नाही एवढेच. त्या वर्षीच्या गुणांनी विद्यार्थी वर चढावा, पण आधी कमावलेल्या पायरीवरून खाली येऊ नये. ज्याला श्रेणी नको, फक्त उत्तीर्ण असे हवे, त्याने तसे मागून घ्यावे. यंत्र बंद पडले तर तो पेपर झालाच नाही असे धरावे. गाडी रुळावरून घसरली तर आपण उतारूला तिकीट काढायला लावीत नाही. आणि गुणपत्रिकेवर यातल्या कशाचाही शिक्का नको. नोंद विद्यापीठाच्या वहीत राहू दे.

यात नवे काय आहे? दोन-चार गुणांनी अडलेल्याला नियमाने पुढे नेणारे ग्रेस मार्कांचे ऑर्डिनन्स आपल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षे आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत, खेळात भाग घेतला म्हणूनही गुण मिळतात. कबड्डी खेळल्याबद्दल दहा गुण देताना ज्यांची शिस्त ढळत नाही त्यांची ती घर कोसळलेल्याला नुसती मुदत देताना का ढळते, हे कोडे मला सुटलेले नाही.

हे सारे मी भावाच्या मुलीला वाचून दाखविले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "काका, त्या पेपरचा विषय मला सगळ्यांत जास्त आवडायचा, हे कुठे लिहिलेच नाही तुम्ही." ते राहिले होते, आता लिहिले. आणखी एक दुरुस्ती तिने सांगितली. गच्चीवर त्या दिवशी ऊन नव्हते, पाऊस पडत होता, आणि तिने पेपर छत्री धरून दिला.

त्या गृहस्थांना यंदाही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाला बोलावले आहे. चकल्या मीच बाहेर नेणार आहे, आणि ताटाखाली हा अंक.